इंदूर: पोहे, लालबाग आणि विमानाची पिन

इंदूरला जायचं ठरवलं ते पोह्यांसाठी, हे आधीच कबूल करते. बँकेत चार दिवसांची रजा वाया चालली होती आणि मामांचं पत्र आलं होतं, "ये, आमचा कारखाना बघून जा." कारखाना म्हणजे सांवेर रोडवरची पत्र्याची शेड. कापड गिरणी बंद पडल्यावर मामांनी तिथल्याच चार फिटरांना घेऊन दोन लेथ टाकले होते. सहल जुनी आहे, तेव्हा यातले भाव आज धरून चालू नका.

पुण्याहून दुपारची बस धरली. नाशिक, धुळे, सेंधवा. सेंधव्यानंतर रस्ता कुठला, नुसते खड्डे. मानेखाली उशी हवीच. सकाळी उतरले तेव्हा अंग ठणकत होतं. मामा घ्यायला आले होते. बसस्टँडबाहेरच पोहे-जलेबी खाल्ली, वर सेव आणि जिरावण नावाचा चटपटीत मसाला. पोह्यांबरोबर जलेबी म्हणून मी नाक मुरडलं आणि दुसरी प्लेट मागवली. दहा रुपयांत दोघांचं झालं.

शेडमध्ये पोचल्यावर मामांनी बोटाएवढी जाड पिन हातात ठेवली. पिवळसर, निस्तेज मुलामा दिलेली. विमान धावपट्टीपर्यंत ओढून नेतात ना, त्या दांड्याला ही लागते. "तुझे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते," मामा म्हणाले. "मी गिरणीत सूत ओढलं. आता परत फौजेचं काम आलंय बघ, तेही हवाई दलाचं." सरकारनं अशी कामं खाजगी कारखान्यांना खुली केली, म्हणून मोठ्या कंपनीमार्फत हे काम मामांपर्यंत आलं होतं. उद्या तपासणी होती. खेप पास झाली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही तर महिनाअखेरीस शेड सोडायची आणि पाचही जणांनी आपापल्या घरी बसायचं.

"तू लालबाग बघून ये," मामा म्हणाले. "इथं फालतू टेन्शन आहे."

लालबागच्या महालाचं तिकीट काढलं, झुंबरं पाहिली, पाय दुखले. आवारातली झाडं मात्र छान. संध्याकाळी परतले तर मामा पॅकिंगचं सामान आणायला गेले होते आणि बाबूभिया एकटेच बसले होते. हे गिरणीतले सगळ्यांत जुने फिटर; इंदुरात भाऊला भिया म्हणतात. एमरी पेपरनं एकेक पिन घासत होते.

"जरा टाइट जात होती," ते नमुन्याच्या दांड्यात पिन सरकवून म्हणाले. "आता बघा, मक्खन!"

"किती चमकतायत हो!" मी म्हटलं. अक्कल गहाण ठेवून अगदी मनापासून म्हटलं.

गिरणीत प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा होता. पार्ट आला की हातानं घासून त्या यंत्रात बसवायचा, आणि हे ज्याला जमे तोच खरा फिटर. बाबूभियांनी आयुष्यभर तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला हवाई दलाचे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, चहाला नकार. पेटीत दोन ट्रे होते. वरच्या ट्रेमधल्या दहा पिना त्यांनी गेज लावून तपासल्या. सगळ्या बरोबर. मामांचा चेहरा फुलला. कागद पुढे ओढत साहेब सहज बोलले, "यह कोटिंग छिल जाए तो समंदर किनारे जंग लगेगी. और पिन ढीली हो तो डंडा छूट सकता है. जामनगर हो या तेजपुर, कोई भी लड़का आँख मूँदकर पिन उठाएगा, फिट होनी चाहिए."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. काल संध्याकाळच्या त्या चमकणाऱ्या पिना मला आठवल्या. बोलावं की नाही? मी गप्प बसले. ते मला अजून आवडत नाही.

"साहब," बाबूभिया पुढे झाले, "नीचे वाली ट्रे भी देख लो. उनको मैंने घिसा है."

मामा वळले. "काय केलं भिया तुम्ही?"

खालची एकही पिन मापात बसली नाही. अख्खी खेप नापास. साहेबांनी शिक्का मारला, मग म्हणाले, "तीन हफ़्ते. दोबारा बना लो." जाताना त्यांनी बाबूभियांना विचारलं, "मैं तो साइन कर रहा था. बताया क्यों?"

"उठाने वाला लड़का मुझे थोड़ी जानता है, साहब."

मामा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मामी ताटं वाढत म्हणाल्या, "अरे, माणूस खरं बोलला ना!" मामा म्हणाले, "खरं बोलला, पण घासलं कशाला?" दोघांचंही बरोबर होतं.

घरी आल्यावर इंदूरचं काय उरलं म्हणाल, तर जिरावणाची पुडी आठवड्यात संपली. आकाशात विमान गेलं की आपण मान वर करतो. मला आता ते जमिनीवर ओढून आणणारा, मामांना कधीच न भेटणारा मुलगा आठवतो. देशाचं संरक्षण वगैरे मोठे शब्द मला पेलत नाहीत. एवढंच कळलं की त्याचा भरवसा आणि पाच घरांची चूल एकाच ट्रेमध्ये होती.

महिन्यानं मामांचं पत्र आलं. दुसरी खेप पास झाली होती. शेवटी लिहिलं होतं: "पिना पेटीत भरताना बाबूभिया समोरच उभे होते. एक पिन त्यांना टाइट वाटली. त्यांनी गेज लावलं, माप बरोबर निघालं. मग पेटीला खिळे ठोकेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले."