मिरचीच्या पोत्यांचा पडदा
मिरचीचा खकाणा नाकात गेला की नोकरीतली माझी पहिली शाळा आठवते आणि डोकं फिरतं. मुलांचा हात पुरावा म्हणून मी वर्गात खालीच, विटांवर फळ्या टाकून गोष्टीची पुस्तकं मांडली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक ओरडले, "मॅडम, हाऊ पसारा झाकी टाका, साहेब येई ऱ्हायनात!" आणि मिरची वाळवायच्या पथारीवरून रिकामी पोती फुकटात आणून त्यांनीच पडदा टांगला. दुसऱ्या दिवशी साहेब शिंकत शिंकत म्हणाले, "वा, काय नीटनेटका वर्ग!" मग मी पडदा काढायला गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, शोभस." पुस्तकं घ्यायला गेलेली मुलं डोळे चोळत परतायची, हळूहळू जायचीच थांबली. आज माझ्या वर्गात पुस्तकांचा पसाराच असतो. झाकायला येऊन तर बघा कुणी!