आखाजीला जावई आधी कुठे जेवला

आमचे हे शांतिसेनेतून वर्षभर आफ्रिकेत राहून आले, तेव्हा जळगावला आमच्या कॉलनीत जो तो विचारायचा, "तिकडे काय केलंत?" हे म्हणायचे, "उभे राहिलो." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. माझाही पडायचा. मी इथे जीव मुठीत धरून बसले, नको नको त्या देवांना नवस बोलले, आणि हा माणूस म्हणे तिकडे नुसता उभा होता.

एकदा जेवताना त्यांनी नीट सांगितलं. तिथे गुरं राखणाऱ्या दोन जमाती, दोघींत हाडवैर, आणि उन्हाळ्यात पाणी एकाच बोअरवेलला. एक जमात गुरं पाजून निघेपर्यंत दुसरीला थोपवायचं, हे यांच्या तुकडीचं काम. डोक्यावर निळं हेल्मेट, हातात बंदूक, पण कोणाच्या जिवावर बेतल्याशिवाय गोळी झाडायची नाही. आणि दोन्हीकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. एकाच्या हातचं घोटभर प्यालं, की दुसऱ्याच्या लेखी तुम्ही त्याचे झालात.

"मग भांडण मिटलं का?" मी विचारलं.

"नाही. पण आम्ही होतो तेवढा वेळ तिथे कोणी मेलं नाही."

मला ते उत्तर तोकडं वाटलं. एवढ्या लांब जायचं, बायकोला घोर लावायचा, आणि हाती काय, तर थोडा वेळ! तोंडावर तसं म्हणालेही.

माझं माहेर शिरपूरकडचं. वडील आणि काका यांची घरं शेजारी, अंगण एक, मळ्यातली विहीरही एक. केळीला पाणी द्यायच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं आणि अंगणात बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. विहिरीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला माझी काकी हवी होती. माझ्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा काकीनं मला अंगावर पाजलं. तिच्याच दारात जायला मला बंदी झाली. "तठे गयी ते अठे परत येवू नको," वडिलांनी बजावलं होतं. दर खेपेला मी काट्यांतून तिचं लुगडं तेवढं बघायचे आणि जळगावला परतायचे.

म्हणून यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी निघताना मी यांना म्हटलं, "परक्यांच्या विहिरीवर वर्षभर उभे राहिलात, आता आमच्या विहिरीवर राहा."

हे हसले. "तिथे मी कोणाचा जावई नव्हतो," म्हणाले. पण राहिले.

सकाळी विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटारीचं पाणी पडतं तिथे, जाऊन बसायचे. वडिलांची पाळी संपली की मोटार बंद, मग काकांची सुरू. जावयासमोर आवाज चढवायची दोघांनाही लाज. दोन्हीकडून चहा यायचा, हे हात जोडून परत पाठवायचे, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचे, जेवायलाही बसस्टँडवरच्या खानावळीत जायचे. गावातली माणसं हसायची. मी मात्र मनातल्या मनात काकीच्या ओट्यावर जाऊन बसलेही होते.

आणि आखाजी आली. एकाच आजोबांच्या नावाची घागर दोन घरांत वेगवेगळी पुजली गेली. जावयाला जेवणाचं बोलावणंही दोन्ही घरांतून होतं. आईनं पाट मांडला, आमरस वाढला, खापरावरची पुरणपोळी पानात पडली आणि हे जेवायला बसले. सासरच्या घरी सणाचा पाट मांडल्यावर कोण विचार करतो? मीही केला नाही, वर आग्रहानं तूप वाढलं. कुंपणापलीकडे काकीच्या चुलीचा धूर दिसत होता. तिनेही खापर तापवलं होतं.

हात धुऊन हे तिकडे गेले, तर काका दारातच उभे. "जवाईबापू, तुमनं जेवन तठे व्हई गयं. आते अठे काय शे?" म्हणाले आणि आत वळले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पुन्हा शिव्या सुरू झाल्या, आणि काकांच्या तोंडी आता यांचंही नाव होतं.

मी यांच्यावर जाम भडकले. "परक्या मुलखात घोटभर पाणी प्याला नाहीत, आणि इथे रस ओरपलात!"

"तिथे हुकूम होता," हे म्हणाले. "इथे भूक लागली होती."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. पहारा मोडला होता. ते आता मध्ये उभे राहूच शकत नव्हते. बसल्या बसल्या मला वाटलं, यांनी मिळवून दिलेल्या त्या चार शांत सकाळी मी नुसत्या बघण्यात घालवल्या. त्या वेळात जायचं होतं ते मीच.

मी उठले. वडील अंगणात खाटेवर होते, त्यांच्या देखत रस्त्यानं वळसा घालून काकीच्या दारात गेले. काकी मला बघून दचकली.

"तुना बाप देखी राहिना का?"

"हो."

"मंग अठेच बस, दारमा. त्याले दिसू दे."

कालची पोळी तिनं दुधात कुस्करून दिली. मी उंबऱ्यावर बसून खाल्ली. काकी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. परत आले, तर माझी पिशवी ओट्यावर काढून ठेवलेली होती. आई दाराआड रडत होती. आम्ही दोघं बसस्टँडवर गेलो.

यांची सुट्टी संपली. मी चार दिवस जळगावात धुमसत राहिले आणि रविवारी एकटीच शिरपूरच्या गाडीत बसले. घालवून दिलं तर दिलं, पण यायचंच. वडील खाटेवर होते. मी खाली जमिनीवर बसले. ते काट्यांपलीकडे काकीच्या दाराकडे बघत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ती लंगडत चालस. डॉक्टरकडे कोन्ही लई गयं का तिले?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "विचारून येऊ?"

"जाय," वडील म्हणाले.