तेराव्याला सोडलेला पोपट

मालगुंडच्या त्या पडवीत रिकामा पिंजरा दिसला तेव्हा मला वाटलं, पोपटाला आत ठेवलं असेल.

घर माझ्या मैत्रिणीचं. आम्ही दोघी रत्नागिरीच्या एकाच शाळेत शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर ती मालगुंडला सासरच्या घरी एकटी राहायला गेली. सोबतीला तो पोपट, आफ्रिकेकडचा, राखाडी अंगाचा आणि लालभडक शेपटीचा. हुबेहूब तिच्या आवाजात बोलायचा. "मी गेले तर हा तुझा हो," असं ती मला कितीदा तरी म्हणाली होती. मी "बरं" म्हणायचे आणि आम्ही चहा प्यायचो. तिसऱ्या कुणाच्या कानावर हे घालावं, असं दोघींनाही सुचलं नाही.

ती झोपेतच गेली. मी तेव्हा पुण्याला लेकाकडे होते, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. प्रवासाची परवानगी मिळेपर्यंत तेरावंही होऊन गेलं. रत्नागिरीला घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांना घेऊन मालगुंडला गेले, सूर्यफुलाच्या बियांची पिशवी घेऊन.

तिचा पुतण्या फार भला माणूस. काकूचं सगळं त्यानंच केलं होतं. मी विचारलं, "पोपट कुठाय रे?"

"सोडला, बाई," तो प्रसन्नपणे म्हणाला. "तेराव्याला गोडाचं जेवण झालं आणि काकूच्या नावानं पिंजरा उघडला. सगळ्यांनी हात जोडले."

मी पायरीवर बसले.

"अरे, पण त्याला उडता येत नव्हतं."

"पाखराला उडता येत नाही, असं कसं होईल?"

"पंख्यात सापडू नये म्हणून तिनं त्याचे पंख कापून घेतले होते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तरीच..." तो म्हणाला. "जेमतेम कुंपणाच्या गडग्यापर्यंत गेला. मग कावळे आले. आम्हाला वाटलं, पलीकडे उडून गेला."

त्याची बायको दारात उभी होती, ती रडायला लागली. मला राग यायला हवा होता, पण या दोघांवर रागावणार कशी? त्यांनी पुण्य म्हणून केलं होतं.

आम्ही चौघं शोधायला निघालो. गडग्यापलीकडच्या काजूच्या बागेत दोन राखाडी पिसं सापडली. यजमान म्हणाले, "आता पुरे." तरी मी पुढे गेले. बागेच्या टोकाला एक घर होतं. त्याच्या मागच्या अंगाला पोचले आणि स्पष्ट आवाज आला, "आलीस काय गो? बस."

तिचा आवाज. मी ओरडलेच.

घरातली म्हातारी धावत आली. "घाबरू नका, पाखरू आहे. मीपण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रामनाम घेत बाहेर पळाले होते." तिनं त्याला कावळ्यांच्या तावडीतून सोडवून कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलं होतं. कुणाचा ते तिला ठाऊक नव्हतं. त्याचा एक डोळा मिटलेला, मानेवर रक्त सुकलेलं. मी हात पुढे केला तर तो मागे सरकला. मला ओळखत असूनही.

रत्नागिरीत जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुतली. डोळा वाचणार नाही म्हणाले, बाकी ठीक होईल. "वय काय याचं?"

"बारा-तेरा असेल."

"म्हणजे तरुण आहे. नीट सांभाळलात तर अजून चाळीस वर्षंही जगेल."

मी सदुसष्टची. यजमान बहात्तरचे. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हा आपल्या दोघांना पुरून उरणार." हसवायला म्हणून बोलले, पण दोघांनाही हसू आलं नाही. त्या क्षणापर्यंत मी फक्त त्याला घरी न्यायचं, एवढाच विचार केला होता. पुन्हा कुणाचं तरी तेरावं, पुन्हा कुणीतरी हात जोडून पिंजरा उघडलेला, हे डोळ्यांसमोर आलं.

त्याच आठवड्यात लेकाला फोन केला. तो म्हणाला, "आई, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. तो वेडा होईल इथे." खरंच होतं ते. मग लांज्याला राहणाऱ्या माझ्या भाचीला विचारलं. तिला पाखरांची आवड, घरातही माणसांचा राबता. "आत्तापासूनच येते," ती म्हणाली. "तुमच्यानंतर एकदम नेला तर तो मला परका समजेल." आता ती दर रविवारी येते, त्याला पेरूच्या फोडी भरवते. अधूनमधून चार दिवस लांज्याला घेऊन जाते. लेकाला, मालगुंडच्या पुतण्याला, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की आमच्यानंतर हा लांज्याला जाणार.

परवा ती त्याला खांद्यावर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "सुटले बाई मी एकदाची."

ती त्याच्या मानेवरून बोट फिरवत म्हणाली, "मावशी, मी अठ्ठावीसची. हा चाळीस वर्षं जगला तर मी तुझ्याएवढी होईन. मलाही कुणीतरी शोधावं लागेल ना?"