मलेशियाहून परत आलेला नारळ

जमुनाबाईंची सुपातली तूर अर्धी निवडून झाली होती. तेवढ्यात शेजारच्या हलीमाबी अल्बम पाहायला येऊन टेकल्या. मलेशियाहून येऊन महिना झाला, तरी बघणाऱ्यांची रीघ आटत नव्हती. जठारपेठेतल्या निम्म्या बायकांची तेलकट बोटं त्या फोटोंवर उमटली होती.

"या अल्ला, गुलाबी मशीद! पाण्यात उभी केल्यासारखी. तुमी आत गेलत्या?"

"गेलती ना. दारावरच डोक्यापासून झगा देतेत. आत फरशी अशी थंडगार, उठूच वाटे ना."

जमुनाबाईंच्या नवऱ्याचं, महादेवरावांचं, बियाण्याचं दुकान. ज्यांनी कंपनीचं सोयाबीन जास्त खपवलं, त्या दुकानदारांना कंपनीनं पेरणीच्या आधी जोडीनं फिरवून आणलं होतं. जोडमनोरे पाहता पाहता मान अवघडली. चिन्यांच्या देवळात उदबत्त्या मनगटाएवढ्या. डोंगरावर जुगारखाना, तिथं दुकानदार मंडळी रमली आणि बायका बाकावर जांभया देत बसल्या. जमुनाबाई मुळात निघाल्या होत्या त्या एका चित्रासाठी. सहलीच्या कागदावर गुहेच्या तोंडाशी एक सोनेरी देव उभा होता, आभाळाला टेकलेला. शेगावच्या पलीकडचा देव त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"सगळ्या फोटूत तुमी," हलीमाबींनी पान थांबवलं, "अन् या सोन्याच्या देवापाशी भाऊ एकलेच?"

"फोटो काढणाऱ्याले विचारा!" जमुनाबाई फटकन बोलल्या आणि पुन्हा तुरीत बोटं फिरवू लागल्या. खडा समजून दाणाच फेकला गेला.

तोच दारात चपला वाजल्या. पातूरकडून पहिल्या एसटीनं पंचफुला आली होती. जमुनाबाईंची चुलतबहीण, तीन वर्षांपासून कपाळ रिकामं आणि शेत एकटीच्या अंगावर. पायाचा चिखलही तिनं धुतला नव्हता.

"बाई, उगवलं नाही व. साऱ्या वावरात हिंडली. एक कोंब नाही."

जमुनाबाईंनी सूप बाजूला सारलं. बियाणं त्यांच्याच दुकानातलं, त्याच कंपनीचं होतं. आता महादेवराव सांगणार, खोल पेरलं असन. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते.

"तू नारळ फोडला होता ना माह्या नावानं?" पंचफुलानं विचारलं.

तो नारळ देवघरात, पाटामागे होता. जाण्याआधी पंचफुलानं शेंदूर लावून दिला होता. एवढा मोठा देव आहे तर तुह्या हातानं फोड, पेरणी साधू दे, म्हणाली होती. महादेवराव हसले होते, तिकडं गल्लोगल्ली नारळ अन् तू इकडून नेतं काय. तरी जमुनाबाईंनी साड्यांच्या घड्यांत गुंडाळून नेला. गुहेपाशी बस थांबली आणि माहिती सांगणारा पोरगा म्हणाला, हे कार्तिकेय. झालं. कार्तिकस्वामीचं तोंड बायकांनी पाहू नये, पाहिलं तर सात जन्म वैधव्य. सहलीत एकच देऊळ आपलं, आणि तेही हे! जमुनाबाईंनी नव्या नवरीसारखा पदर नाकापर्यंत ओढला, नारळ मांडीवर घेतला आणि बसमध्येच बसून राहिल्या. पदराच्या काठाखालून पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. त्यावरून तिकडच्या बाया वर चालल्या होत्या. केसांत गजरे, डोक्यावर दुधाचे कलश, पायांत जोडवी. त्यांना नाही वैधव्य? त्या दिवसापासून हा राग जमुनाबाईंच्या डोक्यातून उतरला नव्हता. देवावरचा की स्वतःवरचा, तेही कळत नव्हतं.

"नाही फोडला," त्या म्हणाल्या. "कार्तिकस्वामी निघाला तो."

"मंग? भाऊजीजवळ द्यायचा होता."

"तूच म्हणालीस, तुह्या हातानं."

"अन् महिनाभर बोलली नाहीस? मी तं त्या भरवशावर पाऊस धरला न धरला, पेरून टाकलं!" पंचफुलाचा आवाज चढला. "सांगितलं असतं तं मी थांबली असती चार दिवस. काहून लपवलं, बाई?"

 महिनाभर जमुनाबाई अल्बम दाखवत हसल्या होत्या, पण पातूरला एक फोन त्यांच्यानं करवला नव्हता.

"मले नेलं असतं," पंचफुला म्हणाली, "तं मी डोळे फाडून पाह्यलं असतं त्याले. माह्यं काय नेणार होता तो आता?"

हलीमाबींनी अल्बम हळूच मिटला.

जमुनाबाई उठल्या, पाटामागून नारळ काढून आणला. पंचफुलानं तो कानाशी हलवला. पाणी वाजलं नाही.

"दे इकडं. चटणीले तरी होईन."

"होईन," जमुनाबाई म्हणाल्या. "तू हातपाय धू, चहा घे. हलीमाबी, जरा बसा हिच्यापाशी. दुकानात यांनी खोल पेरल्याचं पुन्हा म्हटलं, तरी मी ऐकून घेणार नाही आज."

सूप तसंच राहिलं. चपला अडकवून त्या दुकानाकडं निघाल्या, पंचफुलाच्या दुबार पेरणीसाठी दुसऱ्या कंपनीच्या सोयाबीनच्या दोन बॅगा आणायला.