पिराजीची बुटकी

कळंब्याला एका शिक्षणसंस्थेची मोठी बाग होती. तिथं गवत कापायला आणि पाण्याची टाकी ओढायला एक छोटा, जुना ट्रॅक्टर होता. त्याला सगळे बुटकी म्हणत. बुटकीचा ड्रायव्हर पिराजी मात्र अंगानं दांडगा. तो वर बसला की त्याचे गुडघे छातीला टेकायचे आणि कॉलेजच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. पिराजी म्हणायचा, "हसू द्या की. हसायला काय पैसं पडत्यात?"

एक्याण्णव साली तो मुरगूडहून इथं रोजंदारीवर आला तो बुटकीवर बसला आणि बारा वर्षं उतरला नाही. माणूस गरीब गाय, पण एका गोष्टीत हट्टी. बुटकीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. तेलपाणी तोच करणार, पंक्चर तोच काढणार. वायरिंगचं काम त्याला येत नव्हतं, पण येत नाही हे कबूल करणंही त्याला येत नव्हतं.

दर खंडेनवमीला बागेतले बाकीचे माळी खुरप्याकोयत्यांना हळदकुंकू वाहून मोकळे व्हायचे. पिराजीचं तेवढ्यावर भागायचं नाही. तो बुटकीला धुऊनपुसून झेंडूची माळ घालायचा, पुढं नारळ फोडायचा. दोन हजार तीन साली त्याच्या मनात आलं, बिचारीनं एवढी वर्षं चाकरी केली, एकदा तरी हिला नवं लुगडं नेसवावं. त्यानं तांबडा ऑइलपेंट आणला. बॅटरी उतरवली, निघतील त्या वायरी सोडवल्या, गंज घासला आणि दोन दिवस खपून कानाकोपऱ्यात ब्रश फिरवला. एक हात मारून मन भरलं नाही म्हणून वरून दुसरा मारला. रंग वाळल्यावर सगळं होतं तिथं नीट बसवलं. पूजेच्या दिवशी बुटकी नव्या नवरीसारखी दिसत होती आणि पिराजी दिवसभर तिच्याभोवती उगाच घुटमळत होता.

दसरा झाल्यावर त्यानं चावी फिरवली. आतून नुसतं 'टक्' झालं. दिवे लागत होते, पण चावी फिरवली की तेही मान टाकायचे.

चौघांनी उतारावरून ढकलली तेव्हा बुटकी चालू झाली. डिझेलचं इंजिन, एकदा धरलं की त्याला करंटची गरज नाही. मग रोज सकाळी ढकलायचा कार्यक्रम सुरू झाला. महिनाभर माळ्यांनी सोसलं, मग त्यांची कुरकुर व्यवस्थापक गणपतरावांच्या कानावर गेली.

गणपतराव म्हणाले, "पिराजी, सोमवारी संस्थेची कमिटी बघायला येतीया. चावीवर चालू झाली तर ठेवू, न्हाय झाली तर भंगारात. आन् ट्रॅक्टरच न्हाय म्हटल्यावर ड्रायव्हर तरी कशाला ठेवायचा?"

पिराजीचं वय बावन्न. या वयात दुसऱ्याच्या दारात कामाला उभं राहायचं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. त्या रात्री तो नीट जेवला नाही.

सोमवारपर्यंत त्यानं बुटकीची आतडी बाहेर काढली. बॅटरी चार्ज करून आणली. इंजिन फिरवणारा सेल्फ खोलून साफ केला. चावीचा स्विच नवा बसवला. एका बल्बला दोन वायरी जोडून त्यानं करंट तपासायचं साधन केलं होतं. एक वायर बॅटरीच्या मायनसला अडकवायची आणि दुसरी जिथं शंका असेल तिथं लावायची. बल्ब सगळीकडं लख्ख पेटायचा. मायनसची जाड वायर बुटकीच्या सांगाड्याला आवळलेली होती, तिच्या नटालाही त्यानं पान्हा लावून बघितला. नट गच्च होता.

बायको झुंबरबाई म्हणाली, "अवो, शिवाजी पेठेत वायरिंगचा मिस्तरी हाय म्हणं. बोलवा की त्येला."

"बारा वर्सं तिच्यासंगट मी काडली, का त्येनं? आन् मिस्तरी काय ईगळं बघणार हाय? सगळीकडं करंट येतोय."

करंट येत होता हे खरं. तो परत जातोय की नाही, हे बघायचं त्याला सुचलं नाही.

सोमवारी कमिटी आली. पिराजीनं बुटकीच्या पाया पडून चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा एकानं घड्याळ बघितलं. कुणी रागावलंसुद्धा नाही. गणपतराव एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे पिराजी."

गुरुवारी कृष्णात नावाचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला. ढकलत फळीवर चढवण्यापेक्षा चालू होते का बघू म्हणून त्यानं टेम्पोच्या बॅटरीच्या दोन वायरी ओढल्या. प्लसची बुटकीच्या बॅटरीला लावली आणि मायनसची थेट इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. पिराजीनं चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात बुटकी धडधडायला लागली.

कृष्णात मिश्कील हसला. इंजिन बंद करायला सांगून तो वाकला. सांगाड्यावरचा तो गच्च नट त्यानं सोडवला, वायर बाजूला केली. खाली तांबडा रंग, दोन हातांचा, गुळगुळीत.

"मामा, हितं रंग हाय की! लोखंडाला लोखंड लागंना, करंट बॅटरीकडं परत जाणार कुठनं?" त्यानं स्क्रूड्रायव्हरनं रंग खरवडला, वायर आवळली. "कुठल्या शाण्यानं मारला ह्यो?"

बाहेरचं कुणी काही केलं नव्हतं. जे केलं ते पिराजीच्याच हातानं, तेही देवाच्या नावानं.

"मला ठावं न्हाय, पावणं," तो म्हणाला.

"आता हिच्याच बॅटरीवर बघा."

बुटकी पहिल्याच चावीला उठली. पिराजी गणपतरावांच्या ऑफिसाकडं धावला. गणपतरावांनी भंगारविक्रीचा कागद वर केला. "झाली रं आता सही. आधी काय करत हुतास?"

पिराजी टेम्पोकडं परत आला. त्यानंच बुटकी फळीवरून टेम्पोत चढवली आणि बंद केली. मग पुन्हा चावी फिरवली. चालू झाली. बंद केली. पुन्हा चालू केली.

"मामा, बास की आता," कृष्णात खालून म्हणाला.

पिराजीनं चावी त्याच्या हातात दिली.

पुढच्या खंडेनवमीला तो लोकांच्या रानात तण भांगलायला जात होता. सकाळी झुंबरबाईनं त्याचं खुरपं धुऊन पाटावर मांडलं आणि हळदकुंकवाचा करंडा उघडला.

"ऱ्हाऊ दे," पिराजी म्हणाला. "काय लावू नगंस त्येला."

त्यानं खुरपं उचललं, कोरडं पुसलं आणि कामाला गेला.