राक्षसाची सकाळ

मंगळुरूच्या त्या थंडगार खोलीत ऐतप्पा गट्टी येरझारा घालत होता. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर ठिकठिकाणी चिकटवलेले पांढरे गोळे. उभा जन्म यक्षगानात राक्षसांचे राजे केले, तांदळाच्या पिठीचे काटे गालांवर चढवले. पण असं नागडं त्याला कधी वाटलं नव्हतं.

संगणकावरच्या नव्या खेळातली अंजनपुरी कल्पनेतली, पण तिथल्या राक्षसांचे मुकुट यक्षगानाच्या रंगमंचावरचे, चेहऱ्यांवरचे काटेही तिथलेच, नगरीची दारं इथल्या ग्रामदैवतांच्या दैवस्थानांची. आता त्या राक्षसांना खऱ्या माणसाची चालढाल हवी होती, म्हणून ऐतप्पाला बोलावलं होतं; अंगावरच्या गोळ्यांवरून कॅमेरे त्याची प्रत्येक हालचाल टिपणार होते.

"अज्जा, पडदा सरकतो, तुम्ही गर्जता, नायक बाण मारतो. झालं!" खेळ रचणारी सौपर्णिका म्हणाली.

"आणि सकाळ?"

"कसली सकाळ?"

"राजाची! उठेल, दात घासेल, आंघोळ करेल, शिवपूजा करेल. मग गर्जेल. पारोसा ओरडायला तो काय कोंबडा आहे?"

कॅमेऱ्यांमागची पोरं खो खो हसली. सौपर्णिकाही हसली, पण म्हणाली, "खेळणारे तेवढं थांबत नाहीत हो."

"प्रेक्षकही थांबेनात, म्हणून आमच्या मेळ्यानं, नाटकमंडळीनं, तो सकाळचा प्रवेशच कापला. आता तो एकट्या माझ्या अंगात उरलाय, मगू, पोरी. आणि गुडघे किती दिवस साथ देतील, देव जाणे."

तिनं पोरांना कॅमेरे चालू करायची खूण केली. मग म्हणाली, "एकदा करा. घेईनच असं नाही."

ऐतप्पानं नसलेल्या झाडाची काडी मोडली. दात घासले, गुळणी थुंकली, थंड पाण्यानं शहारला, भस्म फासलं, घंटा वाजवली. साष्टांग नमस्कार घालून उठताना मात्र गुडघा अडला. राक्षसराज मांडीवर हात टेकून, कण्हत उभा राहिला.

"पुसा ते! पुन्हा करतो."

"नको, हेच हवंय. पण राजाला नाही. अंजनपुरीच्या घाटावर एक म्हातारा राक्षस ठेवते. खेळणारा नगरीत शिरला की पहिला तोच दिसेल."

"म्हातारा? मी?" ऐतप्पाचा आवाज चढला. "जन्मभर सिंहासनावर बसलो आणि आता घाटावर बसू?"

"राजाच्या वाट्याला गर्जनाच येईल, अज्जा. तिथं सकाळ मावत नाही."

तो तरातरा दारापर्यंत गेला. कडीला हात घातला, सोडला. परत आला, पुन्हा गेला. राजेपण घेऊन निघून जावं की सकाळ इथं ठेवावी? दोन्ही त्याचीच होती.

"त्या म्हाताऱ्याला मारता येतं का?" त्यानं दारातूनच विचारलं.

"येतं. पूजा संपेपर्यंत कुणाचा हात धजावू नये, एवढं मात्र तुम्ही करायचं."

ऐतप्पा परत जागेवर येऊन उभा राहिला. पोशाखावरचा एक सुटू पाहणारा गोळा त्यानं अंगठ्यानं दाबून बसवला.

"मग पुन्हा घ्या," तो म्हणाला. "गुळणी जरा घाईत झाली."