सलूहा मावशीची मंगळवारची टोपली

हां, तर काल चहा आला आणि माझी गोष्ट अडकली ती तुरुंगाच्या फाटकाशी. पहारेकरी लमीननं टोपलीत सळई खुपसली होती आणि सलूहा मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी होती.

"खुपस, बाळा, खुपस. अगदी बुडापर्यंत खुपस," ती म्हणत होती. "त्या तारलीत एक जरी काटा लागला ना, तर मला आत घे आणि ज्याची टोपली आहे त्याला बाहेर सोड."

मागची अख्खी रांग हसली. लमीनही हसला, पण सळई काही त्यानं थांबवली नाही. नियम म्हणजे नियम. आमच्या महदिया गावात ज्याचं माणूस तुरुंगात असतं, त्याच्या घरून ठरलेल्या वारी जेवणाची टोपली जाते. पण त्या टोपलीत हाड चालत नाही, मासळीचा काटा चालत नाही, आणि ऑलिव्हच्या आठळ्यासुद्धा काढून द्याव्या लागतात. बाकीच्या बाया म्हणूनच मासळीच्या वाटेला जात नसत. सलूहाचा सगळा जन्म बंदरावरच्या तारलीच्या कारखान्यात मासे साफ करून डबे भरण्यात गेलेला. ती बोलता बोलता अंगठ्याच्या एका झटक्यात काटा ओढून काढायची आणि मासा जसाच्या तसा राहायचा. त्याच्या पोटात कोथिंबीर, लसूण आणि हरीसाची लाल तिखट चटणी भरून ती तळून आणायची. तो वास आला की लमीनची सळईसुद्धा जरा रेंगाळायची.

मी हे सगळं बघायचो, कारण टोपली माझ्या मोपेडवरून यायची. सलूहा माझी शेजारीण, भिंतीला भिंत. तिचे गुडघे दुखायचे आणि मला काही काम नव्हतं.

आता ही टोपली कुणासाठी, ते सांगतो. तिचा मुलगा नव्हता आत, भाऊ नव्हता, नवरा तर कधीच वारला होता. आत होता नाझिम घरसल्ला. सी नाझिम, म्हणजे नाझिमसाहेब! एके काळी हे नाव घेताना लोक खुर्चीवरून अर्धे उठायचे. त्याच्या कंपनीचं नाव 'बहर अल-खैर'. बंदराच्या मागच्या माळावर बर्फाचा मोठा कारखाना उभा राहणार, मासळी तिथं साठवली जाणार, आणि ज्यानं शेअर घेतले त्याला दर तीन महिन्यांनी नफा. दोन वर्षं नफा आलासुद्धा! लोकांनी त्यातून दारं रंगवली, मुलींची लग्नं केली. नंतर कळलं, की जुन्यांना मिळत होता तो नफा म्हणजे नव्यांनी भरलेले पैसे. कारखान्याची एक भिंत तेवढी उभी राहिली. तिच्या सावलीत आजही शेळ्या बसतात. आमच्याकडचे वात्रट लोक म्हणायचे, "बर्फच होता राव, वितळला."

नाझिम शेअर विकायला माणसं पाठवायचा नाही, स्वतः घरोघर जायचा. गोड माणूस. सलूहाकडेही आला होता. तिनं नवऱ्याची होडी नुकतीच विकली होती आणि ते दीनार कपाटात होते. नाझिम तिच्या चटईवर बसला, तिच्या हातची तारली ताट पुसून खाल्ली, ढेकर दिला, आणि म्हणाला, "मावशी, होडी बुडू शकते. बर्फाचा कारखाना कसा बुडेल?" झालं. होडी गेली.

माझे काही गेले नाहीत, त्यात माझी हुशारी काही नाही. गुंतवायला माझ्याकडे दाढदुखीशिवाय काहीच नव्हतं.

न्यायालयानं त्याला पाच वर्षं दिली. शिक्षेच्या दुसऱ्याच महिन्यात त्याची बायको मुलांना घेऊन फ्रान्सला भावाकडे निघून गेली. मागे राहिली त्याची म्हातारी आई, लल्ला बय्या. तिला दिसत नव्हतं आणि चुलीपाशी तर ती उभीही राहू शकत नव्हती. ती काठी टेकत दारोदार फिरली. "माझ्या नाझिमला कुणीतरी टोपली न्या गं. सामान मी देते." कोण नेणार? एकीनं तर दार लावून घेताना आतून ओरडून सांगितलं, "त्याला म्हणावं, बर्फ खा!"

सलूहानं दार उघडलं, म्हातारीला आत घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "सामान नको. वार कुठला आहे?"

"मंगळवार," म्हातारी म्हणाली.

बस, एवढंच. मी तेव्हा दारातच होतो. म्हातारी गेल्यावर मी म्हटलं, "सलूहा, उन्हानं डोकं फिरलं का तुझं? त्यानं तुझी होडी खाल्ली!"

"तू मोपेड काढतोस का, तेवढं सांग."

असं वर्षभर चाललं. मग आला नाझिमचा वकील.

कायद्यात एक सोय होती. फसवलेल्या सगळ्यांनी तक्रार मागे घेतली आणि समेटाच्या कागदावर सही केली, तर उरलेली शिक्षा माफ व्हायची. वकील फार चतुर. त्यानं प्रत्येकाला बुडालेल्या पैशांतला थोडा भाग आधी हातावर ठेवला आणि बाकीचे नाझिम बाहेर आल्यावर देईल म्हणून सांगितलं. एकेक करत सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांनीही केल्या. गरजच तशी असते हो, मी कुणाला नावं ठेवत नाही. उरली एकटी सलूहा. वकिलानं तिला मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. जी बाई दर मंगळवारी त्याला जेवू घालते, ती सही करणार नाही तर कोण करणार?

तो आला तेव्हा ती अंगणात तारली साफ करत होती.

"खाला सलूहा," वकील म्हणाला, "तुम्ही तर मनानं त्याला कधीच माफ केलंय. कागदावर तेवढं राहिलंय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, टोपली…"

"टोपली टोपलीच्या जागी. बाहेर आल्यावर देईन म्हणतो ना तो? आत जायच्या आधीही देईनच म्हणत होता."

वकिलानं मग दुसरा सूर लावला. "बघा, तुरुंग असतो खुनी, दरोडेखोर, असल्या माणसांसाठी. सी नाझिम शिकलेला माणूस. त्यानं कुणावर हात उगारला? कुणाचं रक्त सांडलं? धंद्यात तोटा झाला. त्यासाठी पाच वर्षं म्हणजे अन्याय आहे, खाला. बाहेर असता तर कमावून फेडलं असतं."

सलूहानं एक तारली उचलली, झटक्यात काटा ओढून वकिलाच्या बुटाशी टाकला. "तोटा झाला असं अजून म्हणतो का तो?"

"म्हणजे काय, झालाच होता ना तोटा."

"मग अजून बसू दे."

त्यानंतर गावात जो गोंधळ उडाला, विचारू नका. ज्यांचे उरलेले पैसे तिच्या सहीवर अडकले होते, ते तिच्याशी बोलेनात. भाकरीवाला तिला कालची भाकरी द्यायला लागला. कॉफीच्या दुकानात रोज खटला चालायचा. न्हावी म्हणायचा, "अरे, माणूस आत कुजवून कुणाच्या घरात पैसा येणार आहे?" दुसरा कुणीतरी म्हणायचा, "मग उद्या मीपण कंपनी काढतो!" मी मध्येच विचारायचो, "एका मेंढ्याला दोन वर्षं, तर बर्फाच्या अख्ख्या कारखान्याला किती?" ते मेंढ्याचं आता सांगतोच.

सलूहानं सही नाकारल्याचं आत कळलं, तेव्हा नाझिम संतापला. पुढच्या मंगळवारी आम्ही फाटकाशी पोचलो, तर लमीननं सळईच उचलली नाही. मान खाली घालून म्हणाला, "खाला, परत न्यावी लागेल. सी नाझिम म्हणतात, सही नाही तर टोपली नको."

मला वाटलं, आता ही रडणार. ती टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली. मग म्हणाली, "लमीन, त्याच्या खोलीत आणखी कोण कोण असतं?"

"असतात की पुष्कळ."

"ज्याच्या घरून कधीच काही येत नाही, असा कोण आहे?"

लमीननं विचार केला. "हम्मादी आहे. तिकडं दूरच्या खेड्यातला. मेंढा चोरला होता ईदच्या आधी. दोन वर्षं लागलीत. बायकोला यायला भाडं नसतं. तुमच्या टोपलीतलंच खायचा तो. सगळेच खायचे."

"मग नाव लिही. हम्मादी."

"अहो, नातं लागतं! तुम्ही त्याच्या कोण?"

"मावशी."

"मावशी? तुम्ही त्याला पाहिलंय तरी का?"

"तू त्याला विचारून तर ये."

लमीन आत गेला. आम्ही उन्हात उभे. रांगेतल्या बाया आता रांग सोडून पुढंच यायला लागल्या, काय होतंय बघायला. लमीन परत आला तो तोंड दाबून हसतच.

"तो म्हणतो, मावशीच आहे. लहानपणापासून ओळखतो. आणि म्हणतो, मागच्या वेळी मीठ कमी होतं."

"मेला!" सलूहा म्हणाली. सगळी रांग टाळ्या पिटत होती.

तेव्हापासून टोपली हम्मादीच्या नावानं जायला लागली. रिकामे डबे परत यायचे ते घासून लख्ख. लमीनकडून आतली खबर मिळायची. पहिल्या मंगळवारी सी नाझिम भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या मंगळवारीही बसले. तिसऱ्या वेळी हम्मादीनं त्यांच्यापुढं डबा सरकवला आणि म्हणाला, "घ्या साहेब, लाजू नका. माझ्या मावशीनं पाठवलंय." खाल्लं हो त्यांनी. मेंढाचोराच्या टोपलीतलं खाल्लं, आणि हातही चाटले, असं लमीन म्हणतो. त्या शेवटच्यावर मात्र माझा पुरता विश्वास नाही. लमीन गोष्ट जरा रंगवतो.

मी सलूहाला म्हटलं, "आता तरी खूश?"

"मीठ वाढवायला पाहिजे," ती म्हणाली. तिचं डोकं तिथंच.

वकिलानं तरीही आशा सोडली नाही. समेटाचा अर्ज न्यायालयापुढं गेला आणि सलूहाला बोलावणं आलं. तिनं लग्नातली रेशमी सफसारीची चादर अंगाभोवती लपेटली. मीच तिला नेलं. वाटेत ती एकदाच म्हणाली, "मोपेड हळू चालव, मला मरून चालणार नाही आज."

सगळं गाव तिथं होतं. ज्यांनी सह्या केल्या होत्या ते पुढच्या बाकांवर बसलेले, आणि तिच्याकडं असे बघत होते की जणू पैसे तिनंच पळवले. लल्ला बय्या एका कोपऱ्यात, काठीवर हनुवटी टेकून. सलूहा आधी तिच्याजवळ गेली, कानाशी काहीतरी बोलली. म्हातारीनं चाचपडत तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नाझिमला आणलं. वाळला होता, पण आजारी दिसत नव्हता. त्यानं सलूहाकडं पाहिलं नाही.

न्यायाधीश म्हणजे एक तरुण बाई होती, माझ्या थोरल्या नातीएवढी. तिनं कागद चाळले, वकिलाचं ऐकलं. तोच सूर, शिकलेला माणूस, रक्त नाही, धंद्यातला तोटा. मग तिनं नाझिमला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"तोटा झाला, इतकंच," नाझिम म्हणाला. "मला खेद आहे."

सलूहाला पुढं बोलावलं. ती लाकडी कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या हातांना अजून तारलीचा वास येत असणार. तिनं किती धुतले तरी तो जायचा नाही. न्यायाधीशबाईनं चष्मा काढला.

"आई," ती म्हणाली, आणि हे बरं वाटलं मला, "इथं सगळ्यांच्या सह्या आहेत, फक्त तुमची नाही. आणि इथं तुरुंगाचं पत्रही आहे. त्यात लिहिलंय, की तुम्ही दर मंगळवारी याच्यासाठी जेवण नेता. आता तर दुसऱ्याच्या नावानं नेता, पण तिथं कोण खातं हे सगळ्यांना माहीत आहे. एक तर तुम्ही याला माफ केलंय, नाहीतर नाही केलं. मला समजावून सांगा. सही करणार आहात का?"

खिडकीबाहेर कबुतरं घुमत होती. वकिलानं टाक पुढं धरला. सलूहानं टाकाकडं पाहिलं, नाझिमकडं पाहिलं, आणि त्या पोरीला, न्यायाधीशाला, तिनं सांगितलं, तेही अगदी घरच्यासारखं:

"मुली, हम्मादीनं मेंढा उचलला तेव्हा त्याच्या घरात ईद नव्हती. त्याला तुम्ही दोन वर्षं दिलीत, आणि त्याच्यासाठी सही मागायला माझ्या दारात कुणी आलं नाही. ह्यानं माझी होडी घेतली तेव्हा ह्याचं पोट भरलेलं होतं. माझ्याच चटईवर बसून, माझीच तारली खाऊन ढेकर दिला होता ह्यानं. पाच वर्षं जास्त का कमी, ते मला कळत नाही, मी शाळेत गेले नाही. पण उपाशी ठेवलं तर हा आत बसून नुसता भाकरीचा विचार करील, आणि मला तर ह्यानं आमचा विचार करायला हवाय. भरल्या पोटानं केलंय ना, मग भरल्या पोटानंच भोगू दे. सही मी करणार नाही. मंगळवारी टोपली येईल."